तुमची पट्टी कोणती?

मिरज स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावर रेललेल्या, गोधडीत गुंडाळलेल्या लांबलचक आकृतीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुठल्या दवाखान्यात जायचं?"

त्याची काही चूक नव्हती. मिरज हे दुखण्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टर वानलेस यांनी इथे मिशनचं हॉस्पिटल उभं केलं आणि तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि शेजारचा कर्नाटक आपापली हाडं, आतडी आणि डोळे घेऊन या स्टेशनावर उतरतो आहे. त्यात आत्याची गोधडी फुलाफुलांची. आत कुणीतरी म्हातारं माणूस अखेरच्या घटका मोजत असणार असंच कुणालाही वाटावं.

"दवाखाना नको. सतारमेकर गल्ली."

त्याने गोधडीचा कोपरा जरा वर करून खुंट्या पाहिल्या. "म्हंजे ह्यो पेशंट व्हय," असं म्हणून त्याने तंबोरा उचलला आणि माझ्या हातून आजवर कधी झाला नव्हता इतक्या हळुवारपणे मागच्या सीटवर आडवा केला. मी पुढे त्याच्या शेजारी, एक पाय रिक्षाबाहेर काढून बसलो. नातेवाईक असाच बसतो.

तंबोरा आत्याचा. आत्या गायची. गायची म्हणजे रेडिओवर वगैरे नाही. पहाटे पाचला, चाळीच्या भिंतींना कान असतात हे पूर्ण माहीत असून. ती गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा पाटल्या एकीकडे गेल्या, शिवणयंत्र दुसरीकडे गेलं आणि तंबोरा, ज्याच्या घरी सगळ्यात उंच कपाट होतं त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. अकरा वर्षं तो कपाटामागे उभा होता. अधूनमधून रात्री एखादी तार आपोआप तुटायची, तेव्हा घरात सगळे दचकून जागे होत आणि बायको अंधारातच म्हणे, "अहो, तुमच्या आत्या आल्या वाटतं." शेवटी दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवताना भोपळ्याला तडा गेला. तडा कुणी पाडला यावर आमच्यात अजून एकमत नाही. पण तो मिरजेला न्यायचा, हे मात्र दोघांनी एका सुरात म्हटलं. आमच्या घरात एका सुरात झालेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

पुण्यापासून मिरज रेल्वेने साधारण पावणेतीनशे किलोमीटर. या प्रवासात मला चौदा जणांनी "हे काय आहे?" असं विचारलं. "तंबोरा." "तुम्ही गाता?" "नाही." "मग वाजवता?" "नाही." यानंतर प्रत्येकाने खिडकीबाहेर पाहिलं. न गाणारा माणूस तंबोरा घेऊन हिंडतो हे पोहता न येणाऱ्याने होडी डोक्यावर घेऊन फिरण्यासारखं आहे, हे मला वाठारपर्यंत पुरतं समजलं होतं.

लक्ष्मी मार्केटच्या आसपासचा मिरजेचा जुना बाजार हा आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारासारखाच. भांडी, लुगडी, चपला, चुरमुऱ्यांची पोती, केरसुण्या, मोबाईलची रंगीत कव्हरं. घड्याळाचा मनोरा असलेली मार्केटची देखणी दगडी इमारत मधोमध उभी आणि तिच्याभोवती सगळी गर्दी, हॉर्न, हातगाड्या. भंगारवाल्याचा रेकॉर्ड केलेला पुकारा एका गल्लीतून निघतो आणि दुसऱ्या गल्लीतल्या भाजीवाल्याच्या पुकाऱ्यात मिसळतो. अशा गोंगाटातून चालताना एका वळणावर अचानक कुणीतरी 'टंऽऽ' असा एकच सूर छेडतं. मग गप्प. मग पुन्हा तोच सूर, किंचित वर. तुम्ही थांबता. मागचा स्कूटरवाला तुम्हाला शिव्या देतो. सतारमेकर गल्ली आली हे ओळखायला पाटी वाचावी लागत नाही.

पाट्या मात्र वाचाव्यात. 'सतारमेकर' हे इथे आडनाव आहे. अर्धं देशी, अर्धं इंग्रजी, आणि पुरतं मिरजेचं. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रं घडवणारी, त्यांना धार लावणारी. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. पुढे लढाया थांबल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही. धंदा बसला की माणूस काय करतो? आमच्या ओळखीतला एकजण गिरणी बंद पडल्यावर वड्याच्या गाडीवर गेला. फरीदसाहेब नावाचे एक शिकलगार १८५० च्या सुमाराला तंबोऱ्याकडे वळले. दरबारात येणाऱ्या गवयांची वाद्यं दुरुस्तीला कुठे द्यायची हा प्रश्न होताच. यांनी ती उघडून पाहिली, दुरुस्त केली, मग स्वतःच बनवली. नातवंडं, पतवंडं, खापरपणतू तेच करत राहिले. आज देशातले बरेचसे कसलेले गवई ज्या तंबोऱ्याला टेकून बसतात तो मिरजेचा असतो. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जिल्ह्यातल्या बेदाण्याला आणि हळदीला ते आधीच मिळालं होतं. सरकारी यादीत खाणं आधी आणि गाणं नंतर, हा क्रम काही अगदीच चुकीचा नाही.

मी ज्या दुकानात शिरलो ते म्हणजे एक लांबट खोली. छताला भोपळे टांगलेले. भोपळ्यांविषयी जरा बोललंच पाहिजे, कारण मराठी माणसाचं आणि भोपळ्याचं नातं फार जुनं आणि फार गुंतागुंतीचं आहे. लहानपणी म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत आली म्हणून आपल्याला त्याच्याविषयी आदर वाटतो. शाळेत गणिताच्या पेपरात तोच भोपळा हातात आला की आदर संपतो. संसारात पडल्यावर विळ्याभोपळ्याच्या सख्याचा अर्थ कळतो. पण भोपळा गातो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. हा भोपळा भाजीचा नव्हे. कडू, जाड सालीचा. पंढरपूर, मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठाला तो पिकवतात. विठ्ठलाच्या पायाशी पिकतो, मीरासाहेबांच्या दर्ग्याशेजारी घडतो आणि मग काशी-कलकत्त्याला जाऊन बागेश्री ऐकतो. वेलीवरच त्याला नीट बसता केला तर आकार गोल येतो. मग सुकवतात, पुढे भिजवून कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात. वर तुणाच्या लाकडाची तबली, त्यावर दांडी, खुंट्या, घोडी. नक्षीची पानं कोरायला आणि पॉलिश चढायला आणखी दिवस. चांगला भोपळा म्हणजे निम्मा तंबोरा, असं इथे म्हणतात. कडू असल्यामुळे किडा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आयुष्यभर कडू राहिलं तरी शेवटी गोड बोलता येतं, याचं इतकं ठोस उदाहरण मला आमच्या नातेवाइकांतही सापडलेलं नाही.

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, खाली चटईवर बसून एका घोडीवर कानस चालवत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा की."

मी गोधडी उलगडली. त्यांनी कानस खाली ठेवली, तंबोरा मांडीवर घेतला, भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, डॉक्टर छातीवर करतात तशी. तड्याकडे पाहिलंच नाही. एकच तार उरली होती, ती छेडली. कान जवळ नेला. मग म्हणाले, "पट्टी कुठली?"

आता मिरजेत पट्टी दोन ठिकाणी विचारतात. एक दवाखान्यात: काढली का, बदलली का, ओली झाली का. दुसरी इथे, गाणाऱ्याच्या सुराची. मला पहिलीचीच सवय. मी म्हणालो, "पट्टी नाही लावलेली. तसाच आणलाय. तडा गेल्यापासून."

चाचांनी पहिल्यांदाच मान वर केली. शेजारी बसून सतारीला पडदे बांधणारा पोरगा खाली वाकून पाय खाजवू लागला. त्याला पाय खाजत नव्हता.

"गातं कोण?" चाचांनी प्रश्न बदलला.

"आत्या गायची."

"आणि आता?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ज्या घरात कुणी गात नाही त्या घरातल्या तंबोऱ्याची पट्टी कुठली लावायची? चपलेच्या दुकानात जाऊन, पाय घरी ठेवून आलोय, असं सांगण्यासारखं हे. तरी मी अक्कल चालवली. "म्हणजे, कुठलीही लावा. घरी नुसता ठेवायचाय."

"नुसता ठेवायचाय," चाचांनी ते शब्द दोनदा उच्चारले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाकीच्या बाजारात दुकानदार बोलतो आणि गिऱ्हाईक ऐकतं. इथे कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे वस्तूचं ऐकतात. मी दोन तास बसलो. त्या दोन तासांत आलेलं गिऱ्हाईक एकच. धारवाडकडची एक मुलगी, पाठीवर पिशवी, कपाळावर घाम. तिच्या तंबोऱ्याची जवारी बंद झाली होती. जवारी ही या गल्लीतली सगळ्यात सूक्ष्म चीज. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि म्हणून तंबोरा एकच सूर न बोलता सुरांची सबंध झुंड उठवतो. उतार झिजला की आवाज मुका होतो. मग कानशीने, पॉलिश पेपरने केसभर घासायचं. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं. उतरवायची, पुन्हा घासायचं. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा दोरा सरकवायचा. त्या दोऱ्याला जीव म्हणणारेही आहेत. चाचांनी तो दोरा मोहरीएवढा पुढे नेला आणि तोवर खोकल्यासारखा आवाज करणारा तंबोरा एकदम उघडला. दुसरा शब्द सुचत नाही. बंद खोलीचं दार उघडावं तसा.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. चाचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. शिट्टी पुरती संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग ते पोराला म्हणाले, "चढी है," आणि पुन्हा कामाला लागले. आमच्या घरी वीस वर्षं कुकर वाजतो आहे, तो चढा आहे की उतरता हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. त्या दिवसापासून येतो. हे या गल्लीने माझं केलेलं कायमचं नुकसान.

"मोबाईलवर पण आता तंबोरा मिळतो, नाही?" बसून बसून मी एक अत्यंत चुकीचा प्रश्न विचारला.

"मिळतो की," पोरगा म्हणाला. "माझ्याकडे हाय. तारा लावाय बरा पडतो." आणि त्याने तो लावून दाखवला. खरा तंबोरा मांडीवर, खोटा खिशात, आणि दोघांचं भांडण नाही. आपल्यासारखे लोकच उगाच परंपरा आणि यंत्र यांच्यावर परिसंवाद घेतात.

"तुमचं काम उरुसाला मिळेल," चाचा म्हणाले. "तडा भरायचा, तबली बघायची, तारा नव्या, जवारी नवी. घाई असंल तर घेऊन जावा." घाई असल्याचं सोंग मला जमलं नाही. अकरा वर्षं कपाटामागे ठेवलेल्या वस्तूची घाई कोणत्या तोंडाने दाखवणार? निघताना त्यांनी पुन्हा आठवण करून दिली. "पट्टी विचारून या."

कुणाला विचारून? आत्याला ओळखणारी, तिचं गाणं ऐकलेली आणि शिवाय सूर कळणारी माणसं शोधणं हे पुढचे दोन महिने माझं काम झालं. धाकट्या काकांनी सांगितलं, "तिची पट्टी फार वरची होती, आम्हाला झोपू द्यायची नाही." चाळीतल्या एका आजींना तिचा भूप आठवत होता, पट्टी नाही. शेवटी आत्यासोबत शिकलेल्या, आता ऐंशीच्या घरातल्या एक बाई फोनवर सापडल्या. मी प्रश्न विचारला. पलीकडे शांतता. मग त्यांनी फोनमध्येच, थरथरत, एक सूर लावला. "हा बघ. हा तिचा सा. पेटीची काळी चार." मी कागदावर लिहून घेतलं: काळी चार. सूर लिहून घेता आला नाही.

उरुसाच्या दिवसांत मिरज ओळखू येत नाही. दर्ग्याच्या रस्त्यावर पाळणे, फुगे, मिठाया, गलेफाच्या, म्हणजे दर्ग्यावर चढवायच्या चादरीच्या, मिरवणुका. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याला उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा, हा मान जुना आहे. आणि रात्री आवारात, चिंचेच्या झाडाखाली, गाणं. इथेच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, त्यांच्या स्मरणार्थ ही सभा. तिकीट नाही. सतरंजीवर बसायचं. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल अशा मोठमोठ्यांनी इथे येऊन हजेरी लावली आहे. 'हजेरी' हाच शब्द, कार्यक्रम नव्हे.

खाँसाहेब मिरजेला आले तेव्हाचे दिवस प्लेगचे. ते आजारी पडले, दर्ग्यात बसून गायले आणि बरे झाले, अशी त्यांची श्रद्धा. मग मिरजेचेच झाले. त्यांची लेक, हिराबाई बडोदेकर, इथलीच, १९०५ चा जन्म. माझ्या मनात हिशेब सुरू झाला. विष्णू दिगंबर पलुस्कर शेजारच्या कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे गेल्यासारखे झाले म्हणून उपचाराला मिरजेला आणले, आणि इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. बालगंधर्वांना कानाच्या दुखण्यासाठी शाहू महाराजांनी मिरजेलाच पाठवलं होतं, आणि १९०५ साली याच गावात ते किर्लोस्कर मंडळीत गेले. म्हणजे एकाचा डोळा, एकाचा कान, एकाचा प्लेग. स्टेशनावरच्या त्या रिक्षावाल्याचा प्रश्न इतिहासाला धरून होता. इथे आधी दवाखान्याचंच नाव विचारायचं असतं.

खाँसाहेबांविषयी आणखी एक गोष्ट सांगतात, की त्यांनी टिपू मियाँ नावाच्या आपल्या कुत्र्यालाही सुरात गायला शिकवलं होतं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, आपण थोडे उशिरा जन्मलो. दुसरी गोष्ट त्यांच्या मृत्यूची. २७ ऑक्टोबर १९३७. पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, सिंगपेरुमल कोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते उतरले, फलाटावर बसले आणि त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, असं म्हणतात. आजूबाजूला कुणी वैद्य नव्हता. गावाकडच्या एखाद्या माणसाने अशा वेळी पाणी मागितलं असतं. ते तंबोरा लावून गायले आणि गेले.

त्या रात्री चिंचेखाली कोण गायलं, काय गायलं, हे मी सांगणार नाही; मला राग ओळखता येत नाही आणि शेजाऱ्याला विचारायची हिंमत झाली नाही. पण गाणाऱ्याच्या मागे बसलेल्या दोन तंबोऱ्यांकडे मी पहिल्यांदाच पाहत राहिलो. गाणारा थांबे, श्वास घेई, पाणी पिई, विसरे, आठवे. ते थांबत नव्हते. पाळण्यांचा कर्कश आवाज, लहान मुलांच्या पिपाण्या, फुगेवाल्याची शिट्टी, सगळं पलीकडे चालू होतं आणि अलीकडे ते एकाच जागी उभे होते. मध्यरात्रीनंतर पिपाण्या झोपल्या. शेजारी एक रिक्षावाला डोळे मिटून मान हलवत होता. तोच की दुसरा, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात आत्याचा तंबोरा भिंतीला टेकून उभा होता. तडा कुठे होता ते शोधावं लागलं. मी खिशातून कागद काढून वाचला, "काळी चार."

"म्हाईत हाय," चाचा म्हणाले. "जनानी तंबोरा. बाई काळी चारला गायची. जुन्या घोडीवर तारंची खूण होती." मग दोन महिने मला कशाला हिंडवलं? मी विचारलं नाही. त्यांनी तंबोरा माझ्याकडे दिला. "वाजवा."

मला येत नाही, असं सांगायच्या आत बोटं तारांवर ठेवली गेली होती. चार तारा, एकामागून एक, शेवटचा खर्ज. पडदे बांधणाऱ्या पोराने मान हलवली नाही. पण पायही खाजवला नाही.

परतीच्या गाडीत पुन्हा चौदा नाही, सहा जणांनी विचारलं. "तंबोरा," मी म्हणालो. "तुम्ही गाता?" "नाही. काळी चार." या उत्तराने सगळ्यांचं समाधान झालं.

तंबोरा आता कपाटामागे नाही, खिडकीजवळ आहे. रोज सकाळी चहाचं आधण होईपर्यंत मी तो छेडतो. बायकोला तक्रार करायची आहे, पण तिला अजून मुद्दा सापडलेला नाही. तुमच्याही माळ्यावर, कपाटामागे, गोधडीत असा कुणी उभा असेल तर मिरजेला घेऊन जा. मात्र पट्टी आधी विचारून ठेवा, सांगणारं माणूस फोनवर येतंय तोवर.